टेम्पोचं दार, खुराड्याला

कोंबड्यांच्या खुराड्याला टेम्पोचं दार लावलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ते दार माझ्याच टेम्पोचं होतं. ते बघायला मी विमा कंपनीचा माणूस सोबत घेऊन गेले होते. आता हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आमच्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, दिवाळी अंकात जागा मिळाली आणि ही बाई कोंबड्यांचं काय घेऊन बसली.

शनिवार पेठेत माझी टेम्पो सर्व्हिस होती. आमचे हे सरकारी नोकरीत, त्यामुळे धंदा कागदावरही माझा आणि खरोखरही माझाच. एका टेम्पोनं सुरुवात केली, होता होता चार झाले. लोखंडी कपाटं, शिलाई मशिनं, लग्नाचं रुखवत, घर बदलणाऱ्यांचं बिऱ्हाड, जे येईल ते नेत होतो. कर्वेनगरला तेव्हा नव्या सोसायट्या होत होत्या आणि पेठेतली माणसं तिकडे राहायला निघाली होती. एक गृहस्थ तर आपल्या आरामखुर्चीला ओरखडा पडेल म्हणून टेम्पोच्या मागे त्या खुर्चीतच बसले आणि कर्वेनगर येईपर्यंत पेपर वाचत गेले. मी म्हटलं, "अहो, पुढे बसा की." तर म्हणाले, "पुढे आपला ड्रायव्हर आहे. खुर्चीकडे बघायला मागे कोणी नको का?" अशी गिऱ्हाइकं. रागावता येत नाही आणि विसरताही येत नाही.

माझं शिक्षण बेताचं. विम्याच्या पॉलिसीमागचं ते मुंगीएवढं इंग्रजी मी एकेक शब्द लावत शिकले. शिकले म्हणजे इतकंच कळलं, की विम्यात दोन भाग असतात. एक आपल्या गाडीचं नुकसान झालं तर त्याचा, आणि दुसरा आपल्या गाडीमुळे परक्या माणसाला लागलं तर त्याचा. पहिला नसला तर आपला खिसा फाटतो. दुसरा नसला तर कुणाचं तरी घर बसतं. आणि दोन्हींना अट एकच, झालं की लगेच कळवा. आधी जखमी माणसाला दवाखान्यात न्या, मग मालकाला फोन, पोलिसांत खबर, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी. आणि त्यांचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघून जाईपर्यंत गाडीच्या खिळ्यालाही हात लावायचा नाही.

मी हे सगळं ड्रायव्हरांना पाठ करून घेतलं होतं. फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणाला लागलं का?" गाडीचं मी नंतर विचारत असे.

पण पाठ असणं वेगळं.

आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर सोपान. खराडीचा. आज खराडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात, तेव्हा तिथे ज्वारी होती, भाजीपाला होता, आणि सोपानच्या भावकीत त्या जमिनीवरून भांडणं होती. गाडीवर त्याचा जीव. सकाळी येऊन आधी टेम्पो पुसायचा, मग तोंडात चहा. आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा व्हायची, आणि ड्रायव्हरांनी आपसातच एक रीत पाडली होती. वर्षभरात जिला एकही ओरखडा नाही त्या गाडीला पहिला हार. मी फक्त हार घालायची, निवाडा त्यांचा. वाकून वाकून, हात फिरवून तपासायचे, मुलगी बघायला आल्यासारखे. कैक वर्षं पहिला हार सोपानच्याच गाडीला जायचा, आणि बाकीचे त्याला चिडवायचे, "सोपानराव गाडी चालवतच न्हाईत, नुसती पुसत्यात."

त्या वर्षीही पहिला हार त्याच्याच गाडीला घातला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार नवं रंगवलेलं दिसलं. मी कौतुकानं म्हटलंसुद्धा, "दसऱ्यासाठी रंग काढलास का रे?" तर मान खाली घालून "व्हय ताई" म्हणाला. मला वाटलं, लाजला.

दिवाळी झाली आणि एक दिवस ऑफिसात एक साठीचे गृहस्थ आले. खांद्याला पिशवी, उजवा हात छातीशी धरलेला. म्हणाले, "मी नेने. कर्वेनगरला राहतो, पेट्या लावतो." पेट्या म्हणजे हार्मोनियम. आतल्या पितळी पट्ट्या कानसून कानसून सूर जुळवायचे, हे त्यांचं काम. पोट त्यावरच.

मी म्हटलं, "बसा. काय न्यायचंय?"

"न्यायचं काही नाही. आपल्या टेम्पोनं मला पाडलं, ते सांगायला आलोय."

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी. आपल्याला ठाऊक नाही, हे आपल्या चेहऱ्यावर दिसतंय. बरंच झालं, म्हणजे मालकिणीला माहीत नाही असं सोपान म्हणाला, ते खोटं नव्हतं. त्याला ओरडायचं नाही, ही माझी अट आहे. कबूल असेल तर पुढचं सांगतो."

कबूल केलं. दुसरं काय करणार.

झालं होतं ते असं. सोपाननं आमच्याच पेठेतल्या एका गल्लीत टेम्पो उभा केला, आणि मागे न बघता उतरायला दार उघडलं. मागून नेने स्कूटरवर येत होते. स्कूटरची डावी मूठ दारात घुसली आणि नेने उजव्या मनगटावर पडले. सोपाननं त्यांना उचलून रिक्षात घातलं. मोठ्या दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होणार, म्हणून ओळखीच्या लहानशा दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? सोपानचा चेहरा पांढरा पडलेला. नेन्यांना त्याची दया आली आणि ते म्हणाले, "जिन्यावरून पडलो." डॉक्टरांनी तसंच लिहिलं. प्लास्टर होईपर्यंत सोपान बसून राहिला, त्यांना घरी सोडलं, आपला डबा त्यांना खायला घातला. मग दर आठवड्याला खराडीहून वांगी, मेथी, कधी अंडी नेऊन द्यायचा. नेनेकाकूंना तो इतका आवडला, की त्याच्यासाठी थालीपीठ लावून ठेवायच्या.

इकडे सोपानच्या मेव्हण्याचं डेंटिंगचं दुकान. त्यानं वाकलेलं दार काढलं, जुन्या बाजारातून दुसरं आणून बसवलं, रंग मारला. माझ्यापर्यंत काही पोचलं नाही.

म्हणजे बघा, दोन भली माणसं एकमेकांना इतकी जपत होती की मधल्या मधे अपघातच नाहीसा झाला. पोलिसांत नोंद नाही, विम्याला पत्र नाही, दवाखान्याचा कागद म्हणतो जिना, आणि गाडी नवरीसारखी नटलेली. एक मनगट तेवढं खरं उरलं. प्लास्टर काढलं तर ते वाकडं जुळलेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी घालावी लागेल, आणि लवकर, नाहीतर हातात कानस धरायचं विसरा.

मी म्हटलं, "नेनेकाका, ऑपरेशनचा खर्च मी करते."

ते उठून उभे राहिले. "म्हणजे मी मागायला आलो असं झालं. विम्याचे हप्ते आपण भरता ना? कशासाठी भरता? शोभेसाठी?"

"तसं नाही..."

"मग झालेला अपघात झाला असं कागदावर येऊ दे. मग आपण आगाऊ दिलेत तर घेईन. तोवर नको."

पुण्याच्या माणसाचा स्वाभिमान ऐन वेळी असा आडवा येतो.

ते गेल्यावर सोपानला बोलावलं. ओरडायचं नव्हतं, त्यामुळे फार अवघड गेलं. म्हटलं, "सोपान, तुला पाठ होतं ना सगळं?"

"पाठ हाय ताई. पण गाडी तर उभी व्हती. उभ्या गाडीचा अपघात कसा म्हणायचा? दार लागलं म्हणायचं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

त्यानं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. मग म्हणाला, "दसरा तोंडावर आलता. हार तुमच्या हातचा असतो." आणि डोळे पुसायला लागला. मी ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

विमा एजंटला बोलावलं. चलाख माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, सोपं आहे. अपघात आजचा दाखवू. दाराला दोन हातोडे मारू, संपला विषय." हे मी नेन्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "दाराचं समजलं. मलाही पुन्हा पाडणार का?"

मग ठरलं, की झालं तसं सांगायचं. सोपानला म्हटलं, "लायसन्सवर येऊ शकतं, कोर्टात उभं राहावं लागेल. तुझी मर्जी." घरात खाणारी तोंडं, शेतीचा वाद कोर्टात, त्यात ड्रायव्हरकी गेली तर काय? तो म्हणाला, "काकांनी माझ्यापायी जिना सांगितला. मला दार सांगाया काय झालं?"

चौकीत आम्ही तिघं एकाच रिक्षातून गेलो. जमादारांनी कागद ओढला. "तक्रार कुणाची?"

"माझी," नेने म्हणाले.

"कुणाविरुद्ध?"

"याच्या."

"हे तुमचे कोण?"

"मला रिक्षात हात देऊन बसवलं, ते हे."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "आणि बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

मी म्हटलं, "मी मालकीण. दोघांच्याही."

"मग घरी जाऊन मिटवा ना."

नेने म्हणाले, "घरीच मिटवलं होतं. त्यानंच घोळ झाला." शेवटी लिहून घेतलं बिचाऱ्यांनी. उशीर का झाला, तेही जसंच्या तसं.

खरी अडचण विमा कंपनीत. तिथून इनामदार नावाचे सर्व्हेअर आले. उंच, सुकलेले, बोलणं मोजून. टेम्पोभोवती फिरले, दारावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "गाडी उत्तम आहे. अपघात कुठे ठेवलाय?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही खऱ्या असाल. पण उशिरा आलेली खबर, दुरुस्त केलेली गाडी, दवाखान्याच्या कागदावर जिना, आणि जखमी माणूस ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून उभा. आमच्या ऑफिसात याला संगनमत म्हणतात. काही तरी डोळ्यांनी दाखवा."

दार! मेव्हण्याकडे विचारलं तर तो म्हणाला, जुनं दार दाजींनी घरी नेलं. सोपानकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघायला लागला. म्हणाला, "ताई, ते वापरात हाय."

तर अशी आमची वरात त्याच टेम्पोतून खराडीला निघाली. इनामदार पुढे, मी मधे, मागे नेने आणि त्यांची मोडकी स्कूटर. ती त्यांनी दुरुस्त केली नव्हती. हात नाही तर चालवणार कोण? रस्ता संपला, बांध सुरू झाला, आणि बाभळीखाली ते खुराडं दिसलं. विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि पुढे आमचं पांढरं दार, काचेच्या जागी जाळी मारलेलं. हँडल फिरवलं की खटकन उघडायचं. मधोमध स्कूटरची मूठ घुसून पडलेलं भोक, आणि त्या भोकातून एक कोंबडा मान बाहेर काढून आमच्याकडे बघत होता.

इनामदारांनी वाकून जाळीतून आत बघितलं. मग म्हणाले, "मी या नोकरीत विहिरीत उतरून ट्रक तपासलाय. पण आत वस्ती असताना पहिल्यांदाच."

सोपानची बायको पदर खोचून पुढे आली. "सायेब, दार न्यायचं आसंल तर आधी दुसरं लावून द्या. मुंगसं येत्यात."

"नेत नाही बाई. बघतो फक्त."

"मंग दुरनं बघा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीया."

ते उकिडवे बसले, बॅगेतून टेप काढली. भोकाची उंची मापली, स्कूटरच्या मुठीची मापली, दार किती वर असतं ते टेम्पोवर मापलं. मग मला बोलावलं. भोकाच्या कडेला निळ्या रंगाची रेघ होती. स्कूटर निळी. आणि मुठीच्या वाकलेल्या दांड्यावर पांढरा रंग चिकटलेला. ते म्हणाले, "निळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर निळा. हे हातोड्यानं करता येत नाही." एजंट सोबत आला नव्हता, बरं झालं.

फोटो काढले. एका फोटोत कोंबडा आला, तो तसाच फायलीत गेला. निघताना सोपानच्या बायकोनं साहेबांना अंडी द्यायला काढली. ते म्हणाले, "तपासणीच्या ठिकाणचं काही घेता येत नाही." आणि बॅग बंद करता करता, "चहा चालेल."

त्यांनी अहवाल खरा लिहिला. खबर उशिरा दिली म्हणून मालकिणीला ताशेरा, गाडी आधीच दुरुस्त केली म्हणून दाराचा खर्च नामंजूर, पण अपघात झालेला आहे. दाराचा खर्च मी मागितलाही नव्हता. नेन्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता चालेल. आता आगाऊ घेतो." ऑपरेशन झालं. भरपाईचा दावा रेंगाळला, जसे रेंगाळतात तसे, पण शेवटी तडजोडीत भरपाई मिळाली, आणि पहिलं काम त्यांनी काय केलं, तर माझं देणं फेडलं. सोपान कोर्टात उभा राहून "दार मीच उघडलं" म्हणाला, दंडावर सुटला, लायसन्स वाचलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पट्टी घातली तरी ते मनगट पहिल्यासारखं पूर्ण वळलं नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशीच इथे आणलं असतं तर वेगळं झालं असतं. नेनेकाका पुन्हा पेट्या लावायला लागले, पण एक पेटी पूर्वी एका बैठकीत व्हायची, ती आता थांबत थांबत व्हायची. माझ्यासमोर एकदा कानस ठेवून हात चोळत बसले होते. मी काही बोलणार, तर म्हणाले, "सूर तोच येतो. फक्त त्याला आता वेळेवर यायची सवय राहिली नाही."

ते माझ्या मनात राहिलं. लोक म्हणतात, लगेच कळवा म्हणजे पैसे मिळतात. पैसे काय, उशिरानेही मिळाले. हाड मात्र थांबत नाही कुणासाठी. ते त्याच्या वेळेला, जसं असेल तसं जुळून मोकळं होतं.

पुढचा दसरा आला. गाड्या धुऊन उभ्या केल्या, ड्रायव्हर वाकून वाकून ओरखडे शोधायला लागले. मी हाराची परडी घेतली आणि म्हटलं, "तपासू नका. या वर्षीपासून पहिला हार, जो फोन पहिला करेल त्याच्या गाडीला." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या वर्षी एकानं मंडईपाशी मागचा दिवा फोडून घेतला होता आणि जागचं न हलता समोरच्या दुकानातून फोन केला होता. त्या फुटक्या दिव्याच्या गाडीला पहिला हार घातला. नेनेकाका पूजेला आले होते. म्हणाले, "पुण्यात फुटक्या वस्तूचा सत्कार पहिल्यांदाच बघतोय. एरवी आपल्याकडे माणसांचा करतात."

त्यानंतर फोन इतके वाढले की विचारू नका. "ताई, टेम्पोवर नारळ पडला." "ताई, म्हशीनं आरसा चाटला, फुटला न्हाई." एकदा एकानं कात्रजच्या अलीकडून फोन केला, "ताई, अजून काही झालं न्हाई, पण ब्रेक सैल लागतोय, व्हईल असं वाटतंय." त्याला म्हटलं, तिथेच थांब, मिस्त्री पाठवते. त्या वर्षीचा पहिला हार त्याचा. न झालेल्या अपघाताचा.

आता धंदा बंद झाला, टेम्पो विकले. नेनेकाका गेले. खराडीची ती ज्वारी गेली, सोपाननं जमीन बिल्डरला दिली आणि तिथेच एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. लिफ्टची भीती वाटते म्हणून जिना चढतो, आणि चढताना कठडा धरतो. मी चिडवते, "जिन्यावरून पडू नकोस रे, खरं कुणाला वाटायचं नाही."

ती इमारत व्हायच्या आधी, जागा मोकळी करायला मशिनं आली त्या दिवशी त्याचा फोन आला होता.

"ताई, खुराडं काढलं आज. म्हटलं, लगीच सांगावं."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुणाला लागलं का?"

"न्हाई ताई. कोंबड्या कालच भावाकडं हलवल्या."

"आणि दार?"

"हाय तसंच हाय. फोटू काढला. तुम्ही बघून जास्तोवर हात लावू नगा म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

मी चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली.